सगळ्यांच्या देखत मागणे

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे गिरीज, नंदाखाल, निर्मळ, भुईगाव या बाजूला, पूर्वी दिवेलागणीनंतर कोणी पाहुणा रस्त्याने चालत निघाला तर त्याला एक गंमत अनुभवायला मिळे. एका घराच्या ओटीवरून 'नमो मारिया'चा पूर्वार्ध कानी पडावा आणि चार पावले पुढे जाताच शेजारच्या घरातून त्याचा उत्तरार्ध ऐकू यावा. केळीच्या बागांआड घरांचे कंदील दिसत नसत. पण आवाजावरून घर ओळखता येई. दुसऱ्या दिवशी मुंबईला जाणाऱ्या भाजीच्या जुड्या बांधून झालेल्या असत, रहाट थांबलेला असे, आणि म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सारे घर एका छोट्या आल्तारापुढे बसलेले असे. आज त्याच रस्त्याने जावे, तर बंद खिडक्यांमागून मालिकांची शीर्षकगीते ऐकू येतात. जपमाळेचा आवाज अजून आहे, पण सलग नाही. मध्ये मध्ये तुटतो.

यावर हळहळ व्यक्त करून मोकळे होणे सोपे आहे, आणि माझ्या वयाची पुष्कळ मंडळी ते करतातही. 'तेव्हा घरात रोज प्रार्थना व्हायची, म्हणून घरे एकत्र होती,' हे वाक्य लग्नाच्या मांडवात किंवा अंत्यविधीहून परतताना कोणी तरी बोलतेच. ते ऐकले की माझ्यातला जुना बँक अधिकारी जागा होतो. पावती पाहिल्याशिवाय जमा मान्य करायची नाही, ही सवय अडतीस वर्षांच्या नोकरीत अंगी मुरली आहे. कुटुंबाने एकत्र बसून प्रार्थना केली, तर त्या घरात नेमके काय जमा होते? केवळ एक शिस्त? एक वळण? की आणखी काही? हा प्रश्न फक्त कॅथलिकांचा आहे, असे मला वाटत नाही. ज्यांच्या घरी 'शुभं करोति' किंवा हरिपाठ होत असे आणि आता होत नाही, त्यांनाही तो आपला वाटेल.

पाच संच, पाच आवाज

ज्यांना आमच्या घरांतला रिवाज माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. संध्याकाळची प्रार्थना म्हणजे मुख्यतः जपमाळ, बोलण्यात रोजरी. माळेत दहा-दहा मण्यांचे पाच संच असतात. प्रत्येक संचाच्या आरंभी प्रभू येशूने शिष्यांना शिकविलेली प्रार्थना एकदा, नंतर दहा वेळा 'नमो मारिया', शेवटी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचा गौरव. प्रत्येक संच म्हणताना येशूच्या किंवा मरियेच्या जीवनातला एकेक प्रसंग मनात आणायचा. सोमवारी आणि शनिवारी आनंदाचे प्रसंग, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाचे, बुधवारी आणि रविवारी गौरवाचे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ मध्ये 'प्रकाशाची रहस्ये' त्यात जोडली, ती गुरुवारी. सगळे मिळून पंधरा-वीस मिनिटांचे काम.

या रचनेत एक शहाणपण आहे, आणि ते मला फार उशिरा, मुले झाल्यावर उमगले. प्रत्येक मण्याची प्रार्थना दोन तुकड्यांत म्हटली जाते. एकाने सुरुवात करायची, बाकीच्यांनी पूर्ण करायची. शिवाय पाच संच पाच जणांत वाटले जातात. आमच्या लहानपणी पहिला संच आजीचा, दुसरा वडिलांचा, आणि पुढे उतरत्या वयाने आम्हा भावंडांचे. म्हणजे सात वर्षांचा मुलगा म्होरक्या होई आणि साठीची आजी त्याच्यामागून म्हणे. वडिलांचा आम्हाला विलक्षण धाक होता. ते घरात आले की आमचे आवाज आपोआप खाली येत. पण संध्याकाळी त्यांचेही गुडघे त्याच सारवलेल्या जमिनीला टेकलेले असत. गुडघ्यांवर उभ्या राहिलेल्या माणसाची उंची फार नसते. वडीलही कोणाकडे तरी मागतात, ही गोष्ट आम्हाला कोणी समजावून सांगितली नाही. ती आम्ही रोज पाहत होतो.

दुसरी गोष्ट भाषेची. आजीच्या उमेदीच्या काळात चर्चमधली मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून काय म्हणत, ते तिला शब्दशः कळत नसे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली आणि मग हळूहळू मिस्सा मराठीत आली. आमच्या घरातली प्रार्थना मात्र त्याआधीपासून मराठीत होती. मराठीच्या दृष्टीने यात नवल नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने लिहिलेले, दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' गोव्यात राशोल येथे १६१६ मध्येच छापले गेले होते. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या नवख्रिस्ती घरांना आपल्या भाषेत ऐकायला काही तरी हवे, ही गरज त्या भल्या माणसाने ओळखली होती. देवाशी आईच्या भाषेत बोलण्याची सोय आमच्याकडे आधी घरात झाली, चर्चमध्ये पुष्कळ नंतर.

नागासाकीची घरे

चर्चच्या आधी, आणि वेळ आली तर चर्चवाचूनही, घर श्रद्धा सांभाळू शकते. याचे आमच्या वसईतले उदाहरण आहेच. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज सत्ता गेली, राज्यकर्त्यांबरोबर चर्चचे वैभवही गेले. पण इथली ख्रिस्ती कुटुंबे आपल्या वाड्यांवर आणि आपल्या श्रद्धेवर टिकून राहिली. मात्र याहून मोठे उदाहरण आहे ते जपानचे, आणि त्याचाही धागा वसईपर्यंत येतो.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस ख्रिस्ती जनांना क्रुसावर देऊन मारण्यात आले. त्यांत एक होता गोन्सालो गार्सिया, वसईत जन्मलेला फ्रान्सिस्कन बंधू. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. वसईच्या कॅथलिक मुलाला ही गोष्ट बाळकडूबरोबर मिळते. पण तिचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. १६१४ मध्ये जपानने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. धर्मगुरूंना हाकलले, मागे राहिलेल्यांना ठार केले, चर्चेस पाडली. त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षे तिथल्या ख्रिस्ती खेडुतांकडे ना धर्मगुरू होता, ना मिस्सा. होती फक्त घरे. गावातल्याच जाणत्याने बाळांचा बाप्तिस्मा करायचा, आणि लॅटिन-पोर्तुगीज शब्दांचे अपभ्रंश असलेल्या प्रार्थना आईबापांनी मुलांना कुजबुजत्या स्वरात पाठ करवायच्या. लिहून ठेवणे धोक्याचे होते.

पुढे परदेशी लोकांसाठी म्हणून नागासाकीत ओउरा येथे एक चर्च बांधले गेले. ते त्या सव्वीस हुतात्म्यांनाच अर्पण केलेले होते. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावातले काही शेतकरी तिथे आले आणि फादर पेतितजाँ या फ्रेंच धर्मगुरूला त्यांनी हळूच सांगितले, की आमच्या अंतःकरणातही तेच आहे जे तुमच्या आहे. मरियेची मूर्ती कुठे आहे, असेही विचारले. सात-आठ पिढ्या हा दिवा घराच्या आत जळत राहिला होता. पुढे आठ वर्षांनी बंदी उठली.

ही हकिगत मी अनेकदा स्वतःशी उगाळतो. त्या घरांत शब्दांचा अर्थ पुसट झाला असेल, उच्चार बिघडले असतील. तरी जे टिकले ते का टिकले? मला वाटते, त्या प्रार्थनेत सगळ्या घराचा जीव गुंतलेला होता म्हणून. पकडले गेलो तर सगळे जाणार, हे ठाऊक असलेली माणसे एकमेकांच्या देखत देवाला हाक मारीत होती.

घोषवाक्य आणि बांध

जे कुटुंब एकत्र प्रार्थना करते ते एकत्र राहते, हे वाक्य कॅथलिक घरांत भिंतीवर टांगलेले असते. ते बायबलातले आहे, असा कित्येकांचा समज असतो. वस्तुतः ते अमेरिकेतल्या अल स्काल्पोन नावाच्या जाहिरात-लेखकाने १९४७ मध्ये एका रेडिओ कार्यक्रमासाठी लिहिले. तो कार्यक्रम सुरू केला होता फादर पॅट्रिक पेटन (१९०९–१९९२) यांनी. आयर्लंडच्या गरीब शेतकरी घरातला हा मुलगा अमेरिकेत गेला, क्षयाने अंथरुणाला खिळला, बरा झाला आणि उरलेले आयुष्य त्याने कुटुंबात जपमाळ रुजविण्याला दिले. वाक्य छान आहे, हेतू त्याहून छान. पण जाहिरातीच्या वाक्यात अटी बारीक अक्षरांत असतात, आणि आम्हा बँकवाल्यांची नजर नेमकी तिथेच जाते.

कारण रोज जपमाळ म्हणणारी आणि तरीही फुटलेली घरे मी पाहिली आहेत. वसई-विरारच्या जमिनीला सोन्याचे मोल आल्यापासून तर बांधावरून, विहिरीच्या पाण्यावरून, बहिणीच्या हिश्श्यावरून कोर्टाच्या पायऱ्या चढलेली घरे गावोगाव सापडतील. माझ्या परिचयातल्या दोन भावांनी वडिलोपार्जित घरात मधोमध भिंत घातली. बोलणे बंद. दोन्हीकडे जपमाळ मात्र चालू, आणि तीही एकाच वेळेला. प्रभूच्या त्या प्रार्थनेत क्षमा मागताना एक अट घातलेली आहे. आम्ही इतरांना जशी देतो, तशी आम्हाला मिळो. इतकी कडक अट मी कोणत्याही कर्जरोख्यात वाचलेली नाही. ती अट दोन्ही भाऊ रोज संध्याकाळी सहा-सहा वेळा मान्य करीत होते आणि भिंत जागच्या जागी होती.

मग एक दिवस थोरल्याच्या घरात नेहमीच्या प्रार्थनेनंतर त्याच्या मुलीने मोठ्याने देवाकडे मागणे मागितले, 'आईचे ऑपरेशन नीट पार पडू दे.' भिंत एका विटेची. पलीकडे ते ऐकू गेले. वहिनीला काही दुखणे आहे, हेच धाकट्याला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको पेजेचे भांडे घेऊन पलीकडच्या दारात उभी राहिली. यानंतर सारे आलबेल झाले, असे मी म्हणणार नाही. दावा चालूच राहिला. फक्त तारखेच्या दिवशी दोघे भाऊ एकाच रिक्षाने जाऊ लागले.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडते. पाठ केलेल्या प्रार्थनेने घराला ताल मिळतो. पण घरातले माणूस समजते ते त्याच्या मागण्यातून. आपण काय मागतो यावरून आपल्याला कशाची भीती वाटते ते कळते, आणि घरात एकमेकांपासून सर्वांत जास्त लपविली जाते ती भीतीच.

एकेक वाक्य

आमच्या घरात ही पद्धत माझ्या पत्नीने पाडली. मुले शाळेत होती. मी सकाळी सातची लोकल पकडायचा आणि रात्री आठ-साडेआठला घरी टेकायचा. पाचही संच रोज होणे कठीण झाले होते. तिने तोडगा काढला. आठवड्यातून चार दिवस एकच संच म्हणायचा, पण शेवटी प्रत्येकाने एका वाक्यात स्वतःचे मागणे मोठ्याने सांगायचे. नियम दोनच. दुसऱ्याला टोमणा बसेल असे मागायचे नाही. 'देवा, माझ्या भावाला अभ्यासाची बुद्धी दे,' हे पहिल्याच दिवशी बाद झाले. आणि एकाचे मागणे ऐकून बाकीच्यांनी त्यावर भाष्य करायचे नाही.

पहिले काही महिने पेपर सोपा जाऊ दे, पाऊस पडू दे, असेच चालले. मग एकदा धाकटी म्हणाली, 'माझ्या बाकावर परत कोणी तरी बसू दे.' वर्गात तिला एकटे पाडले होते, आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. भाष्य करायचे नाही या नियमामुळे त्या रात्री आम्ही गप्प राहिलो. पण दुसऱ्या दिवसापासून तिच्या आईने तिला शाळेत सोडायला जायला सुरुवात केली.

१९९८ मध्ये माझ्या शाखेतल्या काही कर्जप्रकरणांची चौकशी लागली. माझ्या सह्या होत्या. कागद स्वच्छ होते, पण वरच्यांना घाई होती आणि कोणाच्या तरी गळ्यात ते घालायचे होते. दोन महिने मी घरी चकार शब्द काढला नाही. पुरुषाने बाहेरचे बाहेर ठेवायचे, हेच आम्ही आमच्या वडिलांकडून शिकलो होतो. एका संध्याकाळी माझी पाळी आली आणि तोंडून निघून गेले, 'माझी चौकशी चालू आहे. खरे ते बाहेर येऊ दे.' खोलीत शांतता पसरली. नियमाप्रमाणे कोणी काही बोलले नाही. बारा वर्षांच्या मुलाने पुढचे 'नमो मारिया' सुरू केले, एवढेच. पण त्या रात्री मला झोप लागली. पुढे चौकशीतून मी निर्दोष सुटलो. देवाने सोडविले, की कागदांनी, हा वाद मी घालत नाही. चार माणसांनी पाच महिने रोज माझ्यासाठी मागितले, हे मात्र मी कधीही विसरणार नाही.

ओटीवरचा मुलगा

ज्याने त्या रात्री प्रार्थना पुढे नेली, तोच मुलगा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना म्हणाला, 'पप्पा, माझा यावर विश्वास राहिला नाही. उगाच ओठ हलवणे मला जमणार नाही.' अनेक कॅथलिक घरांत आज हा क्षण येतो, आणि प्रार्थनेची खरी परीक्षा तिथेच होते. काही घरांत आरडाओरडा होतो. काही घरांत त्या मुलाच्या सुबुद्धीसाठी त्याच्याच देखत प्रार्थना होते. म्हणजे देवाच्या आडून मारलेला टोमणाच तो. माझ्या पत्नीने त्याला एवढेच विचारले, 'मागणे सांगायच्या वेळी येऊन बसशील का?' तो म्हणाला, बसेन. जपमाळ होईपर्यंत तो ओटीवर वाचत बसे आणि शेवटी आत येई. तो मागत नसे. कोणाचे कसे आहे ते ऐकत असे.

श्रद्धा ही वारसाहक्काने नावावर होणारी मालमत्ता नव्हे. आईबाप घरात तिला जागा करून देऊ शकतात. ती स्वीकारायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये कुटुंबाला घरगुती चर्च म्हटले आणि आईबापांना मुलांचे पहिले श्रद्धाशिक्षक. चौथ्या शतकात संत योहान क्रिसोस्तोम यांनीही हाच विचार मांडला होता. पण चर्चचे दार ज्याला आत यायचे त्याच्यासाठी उघडे असते, तसेच ते बाहेर ओट्यावर टेकलेल्यासाठीही उघडेच ठेवायचे असते. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात कुटुंबाच्या प्रार्थनेला लांबी-रुंदीचे मोजमाप लावलेले नाही. रोज काही मिनिटे काढावीत, आपल्या काळज्या देवाला सांगाव्यात, घराच्या गरजा मागाव्यात, कोणी कठीण काळातून जात असेल त्याच्यासाठी मागावे, आभार मानावेत, एवढेच त्यांचे सांगणे. २०२५ च्या एप्रिलमध्ये ते गेले, तेव्हा मला त्यांच्या मोठमोठ्या भाषणांपेक्षा ही 'काही मिनिटे' आठवली.

मार्च २०२० मध्ये चर्चेस बंद झाली. मिस्सा पडद्यावर आली. त्या महिन्यांत कित्येक घरांना नागासाकीच्या घरांची किंचितशी कल्पना आली असेल. ज्या घरांत दिवाणखान्यातला आल्तार शोभेपुरता उरला होता, तिथेही मेणबत्ती लागली. मुलगा तेव्हा कॅनडात अडकलेला होता. आम्ही प्रार्थनेला बसताना त्याला फोन लावू लागलो, आणि तो रिवाज आजही आहे. त्याच्याकडे सकाळ असते. तो उत्तरे देत नाही. पण फोन ठेवतही नाही. अधूनमधून मागण्यांच्या वेळी त्याचा आवाज येतो, 'मम्मीचा गुडघा कसा आहे?' त्याच्या लेखी ती चौकशी असेल. माझी पत्नी त्याला प्रार्थना समजते. मी दोघांच्याही मध्ये पडत नाही.

थोडे आणि रोज

तरुण जोडपी मला विचारतात, 'अंकल, दोघेही नऊला घरी येतो, प्रार्थना केव्हा करायची?' मी त्यांना सांगतो, पाच संचांच्या आग्रहापायी एकही न होण्यापेक्षा एक संच पुरे. तोही जमला नाही, तर जेवणाच्या ताटावर क्रुसाची खूण करून प्रत्येकाने एक वाक्य बोलावे. मुलांना म्होरकेपण द्यावे. त्यांचे चुकले तर मध्येच सुधारू नये. प्रार्थना ही शिक्षा किंवा न्यायालय होऊ देऊ नये. प्रार्थना संपल्यावर मोठ्यांचा आशीर्वाद घेण्याची जुनी रीत, जिला आमचे गोव्याचे भाऊबंद 'बेसांव' म्हणतात, ती जमल्यास ठेवावी. दिवसभरात एकदा तरी मुलाच्या डोक्यावर हात पडतो. आणि मुख्य म्हणजे, घरातल्या कर्त्याने, तो बाप असो वा आई, स्वतःचे खरे मागणे मुलांच्या देखत मागावे. मुलांना उपदेश पुष्कळ मिळतात. आपला बापही कोणापुढे तरी हात पसरतो आणि त्याची त्याला लाज वाटत नाही, हे त्यांना क्वचितच पाहायला मिळते.

त्या रस्त्यावरचा सलग आवाज आता परत येईल, अशी माझी अपेक्षा नाही. रहाट गेले, वाड्या आक्रसल्या, माणसे दूरदूर पांगली. पण एका घरातल्या चार-पाच माणसांनी दिवसाकाठी पाच मिनिटे एकमेकांचे मागणे ऐकावे, एवढे अजून आपल्या हाती आहे. त्यासाठी ना जमीन लागते, ना मोकळा वेळ. घरात आज कोणाला कसली काळजी आहे, ते विचारायला संध्याकाळची एक वेळ ठरलेली असली म्हणजे झाले.